पडायची शाळा

बॉन, १९ जानेवारी

ती. वन्सं,

वाकून नमस्कार केला असं समजा. खरं वाकणं सध्या कमरेला मंजूर नाही. का, ते पुढे येईलच, आधीच घाबरू नका.

फोन सोडून पत्र का लिहिते म्हणाल. तुम्हाला ऐकू कमी येतं, म्हणून मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की राजन धावत येतो. हे सगळं त्याच्यापासून लपवायचं आहे. तेव्हा पत्रच बरं. टाकायला हाइके नेते. सून जर्मन असली तरी पोटात ठेवणारी आहे.

तर मी पडले. बेकरीसमोर, बर्फावर. एक पाय कोलोनकडे गेला, एक कोब्लेंट्सकडे, आणि मी मधे बॉनमध्येच बसले. मोडलं काही नाही, मांडी तेवढी वांग्याच्या रंगाची झालीय. पण राजनने घर डोक्यावर घेतलं. म्हणाला, "आई, आता सांगली बंद. एप्रिलच्या शेवटी तुझ्या कायमच्या मुक्कामाचा अर्ज देऊन टाकू." मी म्हटलं, अरे, तिथे मी एकटी कुठे? भिंतीपलीकडे आत्या आहे की! तर म्हणतो, "आत्या अडुसष्ट वर्षांची आहे, तिलाच कुणीतरी बघायला हवं." हे तुम्हाला सांगणार नव्हते. सांगून झालं.

त्याचं तरी काय चुकतं? हे जिन्यात पडले, खुबा मोडला आणि पावसाळा संपायच्या आत गेले. तेव्हापासून आमच्याकडे 'पडणं' हा शब्दच वर्ज्य आहे. राजन "पाऊस पडला" म्हणत नाही, "पाऊस झाला" म्हणतो.

पण मला माझ्या घरी यायचंय हो वन्सं. इथे सगळे प्रेमळ आहेत, तरी सकाळी उठून कुणाशी भांडावं असं माणूस नाही.

हाइकेने तोड काढली. जवळच ज्युदोचं फेराइन आहे, म्हणजे आपलं मंडळ. तिथे साठीच्या पुढच्यांना पडायला शिकवतात. एप्रिलच्या शेवटी परीक्षा आणि पास झालं तर पांढरा-पिवळा पट्टा. "तो राजनला दाखवू, मग बोलू," म्हणाली.

काल गेले. पहिला तास नुसता शिस्तीचा. अंघोळ करून यायचं, हातापायांची नखं कापायची, चपला मॅटच्या कडेपर्यंत घालायच्या आणि तिथे ओळीत काढायच्या. मॅटवर चढताना वाकायचं. मी म्हटलं, हे तर आमच्याच घरचं आहे! मग म्हणे दागिने काढा. पाटल्या तीस वर्षांत उतरल्या नव्हत्या, त्या हाइकेने भांड्यांच्या साबणाने काढल्या. अंबाड्याचे आकडेही नकोत. पाठीवर पडताना डोक्यात घुसतात. म्हणून दोन वेण्या घातल्या, रबर लावून. वन्सं, आरशात शाळेतली स्नेहलता दिसली, फक्त दात कमी.

शेवटी घोटाळा झाला. शिकवणारे थॉर्स्टनसर. इथे सगळे त्यांना नुसतं 'थॉर्स्टन' म्हणतात, माझी जीभ रेटत नाही. पहिला दिवस, नवी विद्या, म्हणून मी त्यांच्या पाया पडायला वाकले. मला काय ठाऊक, ज्युदोत समोरच्याचे पाय धरायला सक्त मनाई आहे! ते "नाइन! नाइन!", म्हणजे नको नको, करत मागे उडाले, पाण्याच्या क्रेटला अडखळले आणि आडवे. पण काय पडले म्हणून सांगू! हनुवटी छातीला, हात बाजूला फाट्‌कन जमिनीवर, आणि लगेच उभे. म्हटलं, गुरू मिळाला.

तुमची,
स्नेहलता


सांगली, ३ फेब्रुवारी

स्नेहल,

आशीर्वाद. आणि कान पकडून दोन चापट्या.

पडायला शिकवावं लागतं? पैसे देऊन? एकतीस वर्षं मी मुलींना खो-खो शिकवला, जन्मभर एकच ओरडले: "पडू नका गं!" आता तू परदेशात जाऊन उलटं शिकतेस. पडायची कला माणूस आईच्या पोटातून घेऊन येतो. न पडण्याची शिकावी लागते.

दागिने, नखं, वेण्या, हे मात्र बरोबर. तुझ्या त्या सरांना सांग, आमच्याकडे तालमीत शिरताना लाल मातीला हात लावून कपाळाला लावतात. मॅटला काय लावणार, कपाळ? आणि पायाशी वाकण्याआधी विचारावं माणसाला. परका माणूस आहे, घाबरणारच.

अडुसष्ट वर्षांच्या आत्याला कुणीतरी बघायला हवं म्हणतो काय! त्याला म्हणावं, आत्या रोज सकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊन येते आणि वाटेत तिघांना शिस्त लावते.

पण एक सांगते, ते मनावर घे. राजन म्हणतो तेच बरं. सून गुणी आहे, दवाखाने चांगले आहेत, घर उबदार आहे. इथे काय ठेवलंय? माझं तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. तुझ्या कुंड्यांना पाणी घालते, दर शनिवारी तुझं दार उघडून हवा खेळवते. तिथेच राहा.

वसुधा


बॉन, १७ फेब्रुवारी

ती. वन्सं,

तुमचं 'तिथेच राहा' दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं चष्मा चुकला. असो. अडलेलं नाही ना? बरं. मला राग आलाय, तो लिहून ठेवते आणि पुढे जाते.

पडणं मला जमायला लागलंय! मागे पडायचं तर डोकं उचलून धरायचं, नजर पोटावर. कुशीवर पडायचं तर हात शरीराजवळ सपाट आपटायचा. आणि काही झालं तरी हात पुढे टेकायचा नाही, टेकला की मनगट गेलं. पहिल्या आठवड्यात मी दर वेळी "अगं आई गं" म्हणायचे. आता सगळा वर्ग म्हणतो. त्यांना वाटतं ती पडायची आपल्याकडची पद्धत आहे.

अडचण दुसरीच आलीय, आणि ती मोठी आहे. माझी जोडीदार फ्राऊ लोहमान, म्हणजे लोहमानबाई. सत्तरीची, दाराच्या चौकटीएवढी, स्वभावाने सरळ. इथला सगळ्यात मोठा नियम असा की सहन होईना, तर समोरच्याला हाताने थापटायचं. थापटलं की त्याने त्या क्षणी सोडायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. यावर सगळ्यांचा जीव अवलंबून.

आता आम्हाला पायाने पाय झाडायला शिकवतायत. माझा पाय फ्राऊ लोहमानना लागतो. पाय लागला की आपण काय करतो? माझा हात आपोआप त्यांच्या दंडाला जातो आणि मग माझ्या छातीला. त्यांना वाटतं मी थापटलं! त्या बिचाऱ्या तत्काळ सोडतात, "आलेस गुट?" म्हणजे सगळं ठीक ना, असं विचारतात. तोवर माझा पाय पुढचं काम करून मोकळा झालेला असतो, आणि त्या धपकन खाली. एकदा नाही, दर वेळी. परवा त्या बेसावध आपटल्या आणि माकडहाड दुखावलं. उठून सरळ थॉर्स्टनसरांकडे गेल्या. "ही बाई आधी शरण येते आणि मग हल्ला करते!"

सर हसले नाहीत. म्हणाले, थापटणं खोटं ठरलं तर कुणी कुणावर विश्वास ठेवणार? पुन्हा झालं तर परीक्षेला बसता येणार नाही. मी समजावलं, ही आमची माफी मागायची रीत आहे. ते म्हणाले, "रीत सुंदर आहे. मॅटवरून उतरल्यावर करा."

साठ वर्षांची सवय हो. हात बांधून ठेवू का? परीक्षा गेली तर पट्टा गेला, आणि मग राजनपुढे मी कोणत्या तोंडाने उभी राहू?

स्नेहलता


सांगली, ६ मार्च

स्नेहल,

शरण येऊन हल्ला! हा तर चक्क गनिमी कावा! खूप हसले, बरगड्या दुखल्या.

उपाय सोपा आहे. नमस्कार टाळू नकोस, साठव. तास सुरू व्हायच्या आधी त्या बाईला स्पष्ट सांग: आज माझे जेवढे पाय लागतील, त्या सगळ्यांचा नमस्कार शेवटी एकदम घालीन. देणं मान्य केलं की हात शांत बसतो. माझ्या मुलींना मी असंच सांगायचे: आऊट झाल्यावर रडा, पण मैदानाबाहेर.

अक्षर वाकडं आलंय, पेन नवं आहे. केस कापून टाकले, उन्हाळा तोंडावर आलाय. खालच्या नागेशची बायको डबा देते, बरा असतो, मीठ कमी. फार लिहीत नाही.

तू तिथेच सुखी राहा.

वसुधा


बॉन, २० मार्च

वन्सं,

तुमचा उजवा हात मोडलाय.

नाही म्हणू नका. पेन नवं असलं म्हणून अक्षर डावीकडे कलत नाही. कमरेएवढी वेणी जिवापाड जपलेल्या बाईने ती कापली, कारण एका हाताने घालता येईना. आणि तुम्ही दुसऱ्याच्या हातचा डबा खाताय? तुम्ही? माझ्या आमटीला पंचवीस वर्षं नावं ठेवलीत!

पडलात. आणि पडताना हात पुढे टेकलात. होय ना? "पडायची कला आईच्या पोटातून घेऊन येतो" म्हणे!

मला फार राग आलाय, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. हाइकेने विचारलं काय झालं, तर मी मराठीतच सांगत सुटले. तिला निम्मंच समजलं, पण तीही रडली. कुठे पडलात? कुणी उचललं? प्लास्टर किती दिवस? सगळं लिहा. डाव्या हाताने का होईना, लिहा.

तुमची युक्ती मात्र लागू पडली. मी फ्राऊ लोहमानना सांगितलं, शेवटी एकरकमी. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. तसं आधी ठरलेलं असलं की बरं." आता तास संपला की त्या स्वतःच माझ्यापुढे ताठ उभ्या राहतात आणि नमस्कार वसूल करतात. मग उलटा त्याही मला करतात. त्यांचेही पाय लागतात ना! परवा थॉर्स्टनसर लांबून बघत होते. त्यांनी परीक्षेच्या यादीत माझं नाव घातलंय.

मी येणार. काय वाट्टेल ते झालं तरी येणार.

स्नेहलता


सांगली, ४ एप्रिल

स्नेहल,

हो. मोडलाय. मनगट. झालं समाधान?

वरच्या फळीवरचा साबुदाण्याचा डबा काढायला स्टुलावर चढले. स्टूल हललं. हात पुढे टेकला. आपोआप टेकला, मी काय मुद्दाम टेकला? साबुदाणा सगळ्या स्वयंपाकघरात झाला, अजून कुठून कुठून निघतोय. नागेश वर आला, त्याने दवाखान्यात नेलं. प्लास्टर महिनाअखेर निघेल.

राजनला एक अक्षर सांगू नकोस. त्याला कळलं तर तुझं येणं कायमचं बंद. म्हणेल, बघा, दोघीही पडतात.

आता दुसरं. त्याने मला जानेवारीतच फोन केला होता. "आत्या, तूच आईला समजाव, तुझं ऐकेल." रडत होता गं पोरगा. मधू जिन्यात पडला तेव्हा तो वेळेवर पोहोचला नव्हता, ते त्याच्या मनातून जात नाही. मी हो म्हटलं. म्हणून तुला तसं लिहिलं. प्रत्येक वेळी 'तिथेच राहा' लिहून झाल्यावर मला जेवण जात नव्हतं. आता तूच ठरव काय करायचं ते. मला काही विचारू नकोस.

आमटीबद्दल: चिंच जास्तच घालतेस. ते मी अजून म्हणते.

वसुधा


बॉन, २८ एप्रिल

ती. वन्सं,

परवा परीक्षा झाली. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

हाइकेने राजनला एवढंच सांगितलं की फेराइनचा कार्यक्रम आहे, चल. तो ऑफिसच्या कपड्यांत, पॉलिश केलेल्या बुटांत बाकावर येऊन बसला, हातात कॉफी. त्याला वाटलं मीही बघायला आलेय आणि कुठेतरी बसलेय. तेवढ्यात मी आतून आले. पांढरा झगा, पांढराच पट्टा, दोन वेण्या. त्याची कॉफी तोंडाशीच राहिली.

मागे पडणं झालं, कुशीवर झालं. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मग फ्राऊ लोहमाननी मला कमरेवर घेऊन टाकलं. त्या टाकतात ते फार मायेने, पण आवाज मोठा येतो. माझा हात मॅटवर आपटला, फाट्‌! आणि राजन उठला. "आई!" म्हणून ओरडला आणि सरळ धावत सुटला. बूट घालून! मॅटवर!

वन्सं, हा आपला राजन. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला उभा राहणारा. सगळा हॉल किंचाळला, "शूए! शूए!" बूट, बूट! थॉर्स्टनसर दोन्ही हात पसरून आडवे आले. फ्राऊ लोहमान तर मला सोडून मॅटवरचा बुटाचा ठसा बघायला लागल्या. मी पडल्या पडल्याच म्हटलं, "राजन, आधी बूट काढ. मॅटवर कुणी असं येतं का?"

त्याने काढले. बूट छातीशी धरून उभा राहिला आणि ढसाढसा रडला. एवढ्या लोकांत. "बाबा पडले तेव्हा मी इथे होतो. तू पडशील तेव्हाही मी इथेच असणार. मला भीती वाटते गं," म्हणाला.

मी उठून बसले. म्हटलं, अरे राजा, मी पडणारच. या वयात माणूस पडतो. तू मला कायम इथे ठेवलंस, तर इथे पडेन. पण मी आता उठते. हे बघ. आणि सरांना म्हटलं, परत. फ्राऊ लोहमाननी आणखी दोनदा टाकलं, मी दोन्ही वेळा उठले. तो मॅटच्या कडेला मोज्यांवर बसून बघत राहिला. तिसऱ्यांदा मात्र त्याने डोळे मिटले नाहीत.

पट्टा मिळाला. लागलेल्या पायांचे सगळे नमस्कार घालून झाले, त्याला बराच वेळ लागला.

घरी आल्यावर मी त्याला तुमचा हात मोडल्याचं सांगितलं. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी सांगितलं. परवानगी हवी होती, पण लपवून मिळवलेली नको होती. वाटलं, आता हा म्हणणार, बघ, मी म्हणत नव्हतो? त्याने एकच विचारलं, "मग आत्याजवळ आता कोण आहे?"

म्हटलं, नागेशच्या बायकोचा डबा आहे.

तो उठला, लॅपटॉप उघडला. अर्ज नाही, वन्सं, तिकीट! मे महिन्याच्या शेवटी येते. अट एकच घातलीय. मी तुम्हालाही पडायला शिकवायचं, आणि त्याचा व्हिडिओ त्याला पाठवायचा. नखं कापून ठेवा.

स्नेहलता


सांगली, १० मे

स्नेहल,

प्लास्टर निघालं. हात काडीसारखा झालाय, पण लिहितोय, बघ, उजवाच आहे.

पडायला मी शिकणार नाही. व्हिडिओ तर मुळीच नाही. फार तर तू पडून दाखव, मी शिट्टी वाजवीन. तरी नागेशकडून दोन गाद्या वर आणवून ठेवल्यात. कापूस पिंजून घ्यायचाच होता, म्हणून. तुझं घर झाडून घेतलं. म्हणजे नागेशच्या बायकोने झाडलं, मी दारात उभी राहून सांगितलं. तिने तुझ्या देव्हाऱ्याचा पाट उलटा ठेवला, मग मीच सरळ केला.

तू त्याला माझ्या हाताचं सांगितलंस, बरं केलंस. मला नसतं जमलं. परवा त्याचा फोन आला होता. मला नीट ऐकू आलं नाही, पण तो रडत नव्हता.

तू विचारलं होतंस, कुठे पडलात, कुणी उचललं. एक गोष्ट लिहिली नव्हती. नागेश बऱ्याच वेळाने आला. तोवर मी साबुदाण्यात पडून होते, उठता येईना. तू शिकताना 'अगं आई गं' म्हणतेस असं लिहिलं होतंस. मी ते म्हटलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून "स्नेहल, ए स्नेहल" अशा हाका मारत होते. घर बंद आहे, तू तिथे नाहीस, हे डोक्यातच आलं नाही गं. किती वेळ मारत होते कुणास ठाऊक.

लवकर ये.

वसुधा